खडूची रेघ आणि डब्यातले 640 रुपये

(पत्र थोडं छोटं केलं आहे. मुलांची नावं बदलली आहेत.)

मावशी, सांगलीवाडीतून लिहिते आहे. आमचं चौघांचं घर. मिस्टर मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. मी घरी शिलाई करते, ब्लाऊज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश. दोघांचे मिळून महिन्याला 18-19 हजार येतात. त्यात भाडं, गॅस, शाळा आणि गावी सासऱ्यांच्या औषधाला पैसे. सई 13 वर्षांची, आठवीत आहे. ओम 8 वर्षांचा, तिसरीत. लहानपणी सईचा त्याच्यावर फार जीव. 2019 च्या महापुरात आम्हाला बोटीतून बाहेर काढलं तेव्हा ती 7 वर्षांची होती, तर सगळा वेळ त्याची दुधाची बाटली पोटाशी धरून बसली होती. आता तीच त्याला जवळ उभं करत नाही. गेल्या महिन्यात ओमच्या शाळेची सहल निघाली. पैसे कमी पडत होते म्हणून सईच्या डब्यातले 640 रुपये घेतले. भाऊबीज, राखी, पाहुण्यांनी जाताना हातावर ठेवलेले, असे तिने साठवलेले. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याच शिलाईच्या खडूनं तिनं खोलीत फरशीवर रेघ ओढली आणि त्याला सांगितलं, ह्या बाजूला यायचं नाही. मी दोनदा पुसली, तिनं दोनदा परत काढली. शेजारी दोन मुलं आहेत, दोघांना दोन सायकली, दोन टॅब, सुट्टीत फिरायला नेतात. त्यांच्यात भांडण म्हणून नाही. पैसा असता तर आमच्यातही नसतं. थोडक्या पैशात बहीणभावातली माया टिकवायची कशी?
तुमची, एक आई

मावशीचं उत्तर

तू मावशी म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या रेघेपाशी थांबले. 13 वर्षांची पोर. तिनं आरडाओरडा केला नाही, भावाला मारलं नाही, डबा आपटला नाही. रेघ ओढली, आणि ओढायला तुझ्या मशीनवरचा खडू घेतला. घरात तिच्या दप्तरात पेन्सिली असतील, पेनं असतील. तिनं तुझा खडू उचलला. मला वाटतं ती रेघ तुझ्यासाठी होती, ओम फक्त तिच्या पलीकडच्या बाजूला सापडला.

म्हणून माया कशी टिकवायची ते नंतर बोलू. आधी ते 640 रुपये.

ते परत दे. एकदम जमत नसतील तर दर रविवारी 80 दे, आठ रविवारात फिटतील. साधारण एका साडीच्या पिको-फॉलचे पैसे. तुझ्या मापांच्या वहीचं मागचं पान उघड, वर सईचं नाव लिही, खाली 640 लिही, आणि दर आठवड्याला तिच्यासमोर वजाबाकी कर. गिऱ्हाइकाची उधारी जशी चोख लिहितेस तशी. एखाद्या आठवड्यात नाही जमलं तर तसं तिला सांग आणि वहीत शून्य लिही. गुपचूप टाळू नकोस.

आणि तोंडानं म्हण, "सई, तुला न विचारता घेतले, माझं चुकलं." एवढंच. पुढे "पण बाळा, घरची परिस्थिती तुला माहीत आहे ना" हे जोडू नकोस. ते जोडलंस की माफी तिथंच संपते आणि तिलाच समजूतदारपणा दाखवावा लागतो. परिस्थिती तिला तुझ्यापेक्षा कमी माहीत नाही. म्हणून तर ती गप्प बसली.

पैसे फिटले की तिला पोस्टात घेऊन जा. 10 वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावानं बचत खातं उघडता येतं आणि व्यवहारही स्वतः करता येतो. 500 रुपयांपासून सुरू होतं. आधार कार्ड, फोटो, फॉर्म. सही तिची असेल, पासबुक तिच्याकडे राहील. पुढच्या भाऊबीजेचे पैसे त्यात जातील. पुन्हा कधी नड आलीच तर तुला तिच्याकडे मागावे लागतील, आणि तिला हो किंवा नाही म्हणता येईल. ती बहुतेक हो म्हणेल. पण विचारून दिलेले 600 रुपये आणि न विचारता गेलेले 600 रुपये यात किती अंतर असतं, ते तुझ्या फरशीवर दिसतंच आहे.

आता जरा मनाला लागेल असं लिहिते. मी तुझ्या बाजूनंच लिहिते आहे, हे धरून वाच.

पैसा थोडा असला की घरातले सगळे सारखेच ओढून-ताणून राहतात, असं आपण म्हणतो. खरं तसं नसतं. एक अंडं उरलं तर ओमला, तो लहान आहे. रिक्षात जागा कमी पडली तर सई दुसऱ्या फेरीत, ती मोठी आहे. दप्तराचा बंद तुटला तर सईचा शिवून चालतो. पाहुणे आले, सई पाणी दे. ओम रडतोय, सई तुझं दे बघू त्याला. प्रत्येक वेळी गोष्ट इतकी बारीक असते की कुणी आई त्यात दोष काढणार नाही. पण पाच-सात वर्षं त्या सगळ्या एकाच पोरीच्या नावावर चढत जातात. "तू मोठी आहेस ना" हे चार शब्द फुकटचे वाटतात. ती त्याची किंमत भरत असते. त्यात ती मुलगी असली तर विचारायलाच नको, मोठेपणाच्या वर बाईपणाचंही तिच्या अंगावर येतं.

ह्यात भावावर राग येणं साहजिक आहे. आईवर रागवायची सोय नसते. आई रात्री अकरापर्यंत मशीनवर बसलेली दिसत असते. मग जो घेतो त्याच्यावर राग निघतो.

हे मी कुठल्या पुस्तकातून सांगत नाही. मी ह्यातली ओम आहे.

आम्ही मिरजेला राहायचो. आण्णा रेल्वेत होते, पगार बेताचा. अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिचा चित्रकलेचा हात असा होता की गल्लीतल्या बायका हळदी-कुंकवाच्या आधी तिच्याकडून दारात रांगोळी काढून घ्यायच्या. शाळेत एलिमेंटरीच्या ग्रेड परीक्षेला तिला बसायचं होतं. फी आणि रंग यासाठी तिनं चहाच्या पत्र्याच्या डब्यात पैसे साठवले होते. त्याच महिन्यात माझ्या वर्गाची विजापूरची सहल निघाली. मी रडून घर डोक्यावर घेतलं. मी विजापूरला गेले. गोल घुमटात वरच्या सज्जात उभी राहून माझंच नाव ओरडले आणि ते पुन्हा पुन्हा फिरून माझ्या कानावर आलं. तो आवाज मला अजून आठवतो.

पैसे कुठून आले ते मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, मी 9 वर्षांची होते. त्यानंतर अक्का माझ्याशी तुटक वागायची. माझ्या वेण्या घालायची, पण घट्ट ओढून. लग्न होऊन ती कराडला गेली, मी सांगलीत आले, सणावारी भेटत राहिलो, आणि कितीतरी वर्षं मी धरून चालले की अक्काचा स्वभावच तसा. मग एका भाऊबीजेला दादाकडे सगळे जमलो होतो, दोघींचे केस पांढरे झाले होते. माझ्या नातीनं रंगांची पेटी आणली होती. अक्कानं ब्रश पाण्यात बुडवला, कागदावर निळ्याचा एक हात मारला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या विजापुरात माझी परीक्षा गेली बघ."

एवढंच म्हणाली. मी उठून आत गेले आणि रडले. परीक्षा गेली याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाटलं ते मधल्या वर्षांचं. मला कळलं असतं तर मी तिच्याकडे गेले असते, काहीतरी केलं असतं. मला कुणी संधीच दिली नव्हती.

म्हणून ओमलाही सांग. त्याला अपराधी करू नकोस, त्याच्या सहलीची मजा काढून घेऊ नकोस. साधं सांग, "तुझ्या सहलीला ताईच्या डब्यातले पैसे वापरले होते, ते मी तिला परत देते आहे." त्या रविवारी वजाबाकी करताना तो शेजारी बसलेला असू दे. 8 वर्षांच्या पोराला 640 मधून 80 गेले किती ते येतं, आणि बाकीचंही त्याला समजतं. तो काय करेल ते बघ. काहीतरी करेल. जे करेल ते करू दे, मध्ये पडू नकोस.

सांगलीत राहणाऱ्या माणसाला मोठ्या बहिणीचा विषय निघाला की लतादीदी आठवतातच. मंगेशकर कुटुंब सांगलीत राहिलेलं, आशाताईंचा जन्म तर 1933 साली सांगलीतलाच. दीदी धाकट्या आशाला बरोबर घेऊन शाळेत गेल्या, शाळेनं तिला बसू दिलं नाही, म्हणून त्यांनी शाळाच सोडली, ही गोष्ट आपल्याकडे घराघरांत सांगतात. पुढे 1942 साली वडील गेले तेव्हा त्यांना 13 वं वर्षही पूर्ण झालं नव्हतं, आणि पाठीमागे चार भावंडं. त्यांनी सगळ्यांना सांभाळलं. तुझ्या सईच्याच वयाची पोर. त्यांच्यापुढे हात जोडावेत असंच ते आहे. पण वडील गेल्यामुळे एका पोरीवर जे येऊन पडलं, ते आपण मुलींना वाढवायची रीत म्हणून का सांगायचं? तुझ्या घरात आईबाप दोघं आहेत, दोघं राबतात. सईला अजून मोठं व्हायची घाई नाही. आणि बोटीतल्या त्या बाटलीचं तू कौतुकानं लिहिलंस, पण 7 वर्षांच्या त्या पोरीला चहूकडे पाणी बघून काय वाटलं असेल, ते तिला कधी विचारलंस का? नसेल विचारलं तर आता विचार.

शेजारच्या घराबद्दल थोडक्यात. दोन टॅब घेऊन दोन कोपऱ्यात बसलेली मुलं भांडत नाहीत हे खरं. त्यावरून त्यांच्यात जवळीक आहे की नाही ते कळत नाही. वस्तू एकच असली की मुलांना एकमेकांशी बोलावं लागतं, ठरवावं लागतं, रुसावं लागतं, परत यावं लागतं. अट एकच, वाटणी त्यांना खरी वाटली पाहिजे.

वाटणीच्या दोन रीती सांगते, आमच्या घरात चाललेल्या. खायची गोष्ट एक असली, शेवटची पुरणपोळी म्हण, कलिंगडाची फोड म्हण, तर एकानं कापायची आणि दुसऱ्यानं आधी उचलायची. कापणारा असा जीव लावून मधोमध कापतो की बघत राहावं. मोठं माणूस मध्ये लागत नाही. दुसरी रीत तारखांची. फोन, खिडकीची जागा, टीव्हीचा रिमोट ह्याला विषम तारखा एकाच्या, सम तारखा दुसऱ्याच्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख बघायची, आईला विचारायचं नाही. फक्त 31 नंतर लगेच 1 तारीख येते आणि विषमवाल्याला सलग दोन दिवस मिळतात. हे त्यांच्या लक्षात येईल, त्यावरून कडाक्याचं वाजेल. तोडगा तू काढू नकोस. दोघांना बसवून म्हण, तुम्हीच ठरवा. असा एकत्र बसून काढलेला तोडगा त्यांच्या दोघांचा असतो, आणि तो तुझ्या दहा उपदेशांना भारी पडतो.

आणि कोण आधी बोललं, कोणी आधी मारलं, ह्याचा निवाडा करायला बसू नकोस. रक्त नसेल, डोळ्याला लागलेलं नसेल, तर "दोघं मिळून सांगायला या" म्हण आणि मशीन चालू ठेव. तुलना तर मुळीच नको. "ताई बघ कशी अभ्यासाला बसते" हे ओमला म्हटलंस तर ते सईच्या खात्यावर जातं. शिवाय अशा कौतुकानं सईलाही बरं वाटत नाही, तिला ठाऊक असतं की ते दुसऱ्याला टोचायला वापरलंय.

कामं बघ घरातली. तू लिहिलं नाहीस, पण मी अंदाज बांधते की झाडणं, भांडी, पाणी भरणं ह्यातलं बरंच सईकडे असेल. 8 वर्षांचा मुलगा ताटं घेऊ शकतो, कपडे घडी करू शकतो, शिलाईचे कच्चे टाके उसवू शकतो, पडलेल्या टाचण्या लोहचुंबकानं गोळा करू शकतो. त्याची कामं ठरवून दे, आणि त्यातलं एक तरी असं दे की ज्याचा उपयोग सईला होईल. सायकलच्या चेनला आठवड्याला तेल घालणं, हवा बघणं. सई रोज कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून शाळेला जात असेल तर तिला त्याची किंमत कळेल. घेणाऱ्यालाही देता आलं पाहिजे गं. ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले तेव्हा दार उघडायला लावलं ते मुक्ताईनं, सगळ्यात धाकटीनं. आपण धाकट्यांना नुसतं घ्यायला शिकवतो आणि मोठ्यांना नुसतं द्यायला. मग दोघंही एकमेकांकडे बघेनासे होतात.

आता तू विचारलेला खर्चाचा प्रश्न. तुझ्याकडे एक अशी गोष्ट आहे जी शेजारच्या घरात नाही. मशीनखालच्या चिंध्या.

ह्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघांकडून एक वाकळ करून घे. बाजारू रजई नव्हे, आपली वाकळ, आजीनं केलेली असते तशी. सुती आणि टेरिकॉटच्या चिंध्या वेगळ्या करायचं काम ओमचं, बोटांनी चुरगाळून बघितलं की कळतं. गणवेशांचे निळे तुकडे, ब्लाऊजच्या कापडांचे कोपरे, अस्तराचे उरलेले पट्टे. सईनं एक वीत बाय एक वीत चौकोन आखायचे, तोच खडू घेऊन, आणि कापायचे. खाली तुझं जुनं सुती लुगडं किंवा साडी दुहेरी अंथर. तुकडे कुठे कुठला लावायचा ते दोघांनी मिळून मांडायचं. इथं भांडण होणार, होऊ दे, तुकडे उचलून परत मांडता येतात. मग मोठी सुई, जाड दोरा आणि धावदोरा, कडेकडेनं सुरू करून फिरत फिरत मध्यापर्यंत. ओमचे टाके वाकडे येतील. ते उसवून सरळ करू नकोस, तुझा हात शिवशिवेल तरी नको. त्या वाकड्या टाक्यांवरून पुढे वीस वर्षांनी ते दोघं हसतील.

जपून ठेवलेलं असेल तर त्यात ओमचं एखादं झबलं घाल, सईचा आखूड झालेला फ्रॉक घाल. महापुरात घरातलं सगळं गेलं असेल तर जे आहे ते घाल. वाकळ दोघांच्या अंगावर पुरेल एवढी करा. ती एका सुट्टीत पूर्ण नाही झाली तरी चालेल, दिवाळीच्या सुट्टीत उरलेली. एका जागी गुडघ्याला गुडघा लावून बसलं, हात कामात असले की मुलं बोलतात. समोरासमोर बसवून "बोला आता एकमेकांशी" म्हटलं की कुणी बोलत नाही, मोठी माणसंसुद्धा नाहीत.

बाकी निमित्तं आपल्या वर्षातच ठेवलेली आहेत. बेंदराला मातीचे बैल विकत आणण्याऐवजी माती आणून घरी करायला लाव. दिवाळीला किल्ला. आपल्या भागात किल्ला केल्याशिवाय दिवाळी होत नाही, आणि त्याला लागतं काय? दगड, माती, जुनं पोतं, वर पेरायला मूठभर मोहरी. मावळे मागच्या वर्षीचेच चालतात. किल्ल्याचं एक फार चांगलं आहे, त्यात आठ वर्षांच्याला आणि तेरा वर्षांच्याला दोघांनाही खरं काम असतं. एक चिखल तुडवतो, दुसरी बुरूज बांधते. बाहेर जायचं तर हरिपूरला संगमेश्वराला चालत जा, कृष्णा आणि वारणा मिळते तिथं घाटावर बसा, डब्यात थालीपीठ न्या. लांब जावंसं वाटलं तर एसटीनं औदुंबर. बायकांना 2023 च्या मार्चपासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ओम बाराच्या आतला म्हणून त्याचंही अर्धं, म्हणजे चौघांना अडीच तिकिटात जाता येतं. पाण्यात मात्र उतरू देऊ नकोस, इकडे काय आणि तिकडे काय, कृष्णेत मगरी आहेत.

रोजचं सांगायचं तर दोघांना मिळून कामाला पाठव. गिरणीतून दळण आणायला, किराणा आणायला. सुटे उरलेले 5 रुपये दोघांचे, त्याचं काय घ्यायचं ते दोघांनी ठरवायचं. तिथं आईबाप नसतात, त्यामुळे भांडण कुणाला दाखवायचं हा प्रश्नच नसतो. गोळी अर्धी दातानं तोडून दिली-घेतली जाते. माझ्या आणि दादाच्या मैत्रीत अशा अर्ध्या गोळ्या फार आहेत. अक्का आमच्याबरोबर गिरणीला कधी नव्हती, ती घरी भाकऱ्या थापत असायची. हे लिहिताना लक्षात आलं.

आणि सईला एकटीला थोडा वेळ दे. दोरे, बटणं, हुक आणायला गावात जातेसच, तिला बरोबर घे, ओमला घरी ठेव. रस्त्यात काही विचारू नकोस. पूल चालून जाता-येताना अर्धा तास मिळतो. दुकानात अस्तराचा रंग तिला निवडू दे. येताना तिची ती बोलेल, पहिल्या खेपेला नाही तर तिसऱ्या खेपेला.

भाऊबीजेबद्दल एक. ओवाळून झालं की आपण मुलाच्या हातात नोट सरकवतो आणि तो ती बहिणीच्या ताटात टाकतो. बहिणीला दिसत असतं नोट कुठून आली. ह्या वर्षी ओमच्या हातात काही देऊ नकोस. त्याला दोन महिने आधी सांग की ताईच्या ताटात काय घालायचं ते तूच ठरव, तुझं तू कर. रंगवलेला दगड घालेल, चिठ्ठी घालेल, साठवलेली 10 रुपयांची दोन नाणी घालेल. काहीही असो, ते त्याचं असेल.

रेघेचं राहिलं. ती पुसू नकोस. तू दोनदा पुसलीस ते आता पुरे. झाडताना तेवढी फरशी सोडून झाड. रेघ ओढायचा हक्क तिला आहे, तिच्याकडे दुसरी खोली नाही, कपाट नाही, डबा होता तो आपण उघडला. उलट ओमला सांग की ताईच्या बाजूला जायचं तर विचारून जायचं. त्याने विचारलं आणि तिनं "ये" म्हटलं, असं एकदा झालं की मला कळव.

पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की सगळी सांगली पुलावर पातळी बघायला जाते, तुम्हीही जात असाल. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, आणि महापुराच्या वर्षी ते 57 च्या वर गेलं होतं. ओमला ह्यातलं काही आठवत नसणार, तो 2 वर्षांचा होता. सईला आठवतं. तुम्ही दोघं चार पावलं मागं राहा आणि तिला त्याला दाखवू दे, पाणी कुठपर्यंत आलं होतं, बोट कुठं लागली होती, तो किती रडत होता, बाटली कुणाच्या हातात होती. त्याच्या आयुष्यातली ही गोष्ट त्याला तिच्या तोंडून ऐकायला मिळू दे. तू मध्ये दुरुस्त्या करू नकोस, तिला आठवतं तसं सांगू दे.

पहिले 80 रुपये ह्याच रविवारी.